चावीवाल्याचा दहावा

मत विकत मिळतं, मोर्चा भाड्यानं मिळतो, आणि सह्यांची मोहीम तर बंद खोलीत दोन माणसं बसून उरकतात. पण भाड्यानं आणलेला माणूससुद्धा घरी जाऊन लघवी करतो ती स्वतःचीच. दक्षिण प्रांताचा सगळ्यात मोठा कायदा एवढ्याशा गोष्टीवर उभा होता, आणि तो करणाऱ्या विद्वानांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. हसले ते लोक. कायद्याचं कागदावरचं नाव 'लोकक्षोभ अधिनियम' होतं. राजधानी हिवरपेठेत सगळे त्याला 'मोरीचं मत' म्हणत.

त्यामागचं शास्त्र सोपं होतं. माणूस धास्तावला, की मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली एक ग्रंथी कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. धास्ती घटकाभराची असेल तर ते चढतं आणि उतरतं. धास्ती रोजची झाली, की ते उतरायचं नाव घेत नाही आणि त्याचे अंश लघवीतून बाहेर पडत राहतात. एका माणसाची लघवी तपासून काही कळत नाही. बायकोशी वाजलं असेल, दात दुखत असेल, पोराची परीक्षा असेल. पण सहा लाख माणसांचं सांडपाणी एका जागी आलं, की भांडणं, दात आणि परीक्षा एकमेकांत जिरून जातात आणि सगळ्यांची मिळून जी धास्ती असते तेवढीच उरते. पाणी ओतून आकडा पातळ करायची सोय नव्हती, कारण क्रिएटिनिन नावाचा दुसरा एक पदार्थ प्रत्येकाच्या अंगातून रोज जवळजवळ सारखाच पडतो, आणि यंत्र त्याच्याशी गुणोत्तर काढून मगच आकडा देई.

प्रांत नवा झाला त्या पहिल्या, सुखाच्या वर्षाची सरासरी शंभर धरली होती. धोक्याची रेषा एकशे चाळीसवर. नागरिकांपैकी कुणीतरी अर्जदार म्हणून नाव नोंदवायचं आणि मोजणी सुरू करायची. सलग चाळीस दिवस आकडा रेषेच्या वर राहिला, की सरकार बरखास्त आणि महिन्याभरात नवी निवडणूक. एक दिवस जरी खाली घसरला, तरी पुन्हा पहिल्यापासून. आकडा रोज अर्जदाराला, सरकारला आणि तपासनीसाला कळे. लोकांना कळवायचा नाही, कारण कळला की लोक आकडा बघूनच घाबरायला आणि हसायला लागतात. शेवटी एक कलम होतं : फसवून घडवलेला क्षोभ ग्राह्य धरला जाणार नाही.

हा तपासनीस म्हणजे तनुजा वायदंडे. नदीकाठच्या उपसा केंद्रात शहराची सगळी गटारं एकत्र येत, तिथं ती बारा वर्षं नोकरीला होती. रोज सकाळी सहाला यंत्र आदल्या चोवीस तासांचा आकडा कागदावर काढी आणि त्याच्यावर तनुजाची सही लागे. यंत्र मोहोरबंद होतं. त्यात तिला काही करता येत नव्हतं आणि तिच्या मनात तसं कधी आलंही नव्हतं.

मोजणीच्या तिसाव्या दिवशी सकाळी कागद बाहेर आला. आकडा एकशे एकेचाळीस पूर्णांक सहा होता.

*

आता त्यात अंकुशचं काय, ते सांगायला हवं. अंकुश वायदंडे तनुजाचा नवरा, आणि साऱ्या गावाचा चावीवाला. हातात टी आकाराची लांब लोखंडी चावी घेऊन पहाटेपासून गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातली झाकणं उचलायची, व्हॉल्व फिरवायचा आणि त्या गल्लीला पाणी सोडायचं, ही त्याची नोकरी. नगरसेवकाचं नाव माहीत नसलेल्या बायकांना चावीवाल्याच्या पोराबाळांची नावं पाठ असतात. अंकुशला पोरंबाळं नव्हती, म्हणून तो सगळ्यांचाच होता. कुणाच्या घरी बारसं असलं तर दहा मिनिटं जास्त, कुणाकडं मयत झालं तर न मागता पाणी.

दोन वर्षांपूर्वी कोष्टी गल्लीनं कारभारी सर्जेरावांच्या गाडीला काळे झेंडे दाखवले. प्रांताच्या प्रमुखाला 'कारभारी' म्हणायची पद्धत होती, आणि हे कारभारी मनानं फार नाजूक. झेंडे त्यांना सोसले नाहीत. कोष्टी गल्लीचं पाणी महिनाभर बंद करा, असा हुकूम आला. अंकुशनं चावी अभियंत्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही फिरवा. माझा हात त्या अंगाला वळत न्हाई." तिसऱ्या दिवशी तो तडीपार झाला.

तडीपारी हा कारभाऱ्यांचा आवडता इलाज होता. तुरुंगात टाकलेला माणूस शहरातच लघवी करतो. घाटापलीकडच्या छावणीत हाकललेल्या माणसाचं दुःख हिवरपेठेच्या गटारात येतच नाही. जो फार रडतो त्याला बाहेर काढा, म्हणजे आकडा आपोआप खाली. असं करत करत अकरा हजार माणसं पलीकडं गेली होती. पत्र नाही, फोन नाही, मेलं तर तिकडंच जाळायचं. मागं राहिलेल्या बायका सणाला ताटात एक घास जास्त वाढत आणि तो गाईला घालत.

तनुजाही घालत असे. ती फार बोलणारी बाई नव्हती, पण घरी आल्यावर दाराला कडी लावताना रोज एकदा म्हणायची, "अहो, आले." दोन वर्षं ती हे रिकाम्या घराला सांगत होती.

*

अर्जदार होते वकील मारुतराव घोडके. साठी उलटलेली, सडपातळ, स्वच्छ कपडे, बोलणं लोण्यासारखं. तिसाव्या दिवशी दुपारी ते उपसा केंद्रात आले, नाकाला रुमाल न लावता खुर्चीवर बसले आणि कागद पुढं ठेवला.

"पहिल्या आठवड्यात एकशे बहात्तर होता. लोकांचे हाल तेच, पाणी तेवढंच, तडीपाऱ्या चालूच. मग घसरतोय कसा?"

"लोक खुशीत आहेत, साहेब."

"खुशीत?"

"आशा लागलीय. तुम्ही उपोषण लावलंत ना?"

वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारला. उपाशी माणसाचं कॉर्टिसोल चढतं, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं आणि बाविसाव्या दिवसापासून सगळ्या शहराला साखळी उपोषणाला बसवलं होतं. पण उपास म्हटल्यावर हिवरपेठेनं जे करायचं तेच केलं. चौकाचौकात साबुदाण्याच्या खिचडीच्या कढया चढल्या. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. एकादशी अन् दुप्पट खाशी. सर्जेरावांच्या सात वर्षांत जी माणसं एकमेकांच्या दारात उभी राहिली नव्हती, ती मांडीला मांडी लावून बसली, गाणी म्हणाली, कारभाऱ्यांच्या नकला केल्या. गल्लीगल्लीत पोरांनी गुलालाची पोती आणून ठेवली होती. निकालाआधी गुलाल आणायची खोड या लोकांची फार जुनी आहे.

"चार माणसं एकत्र हसली की आकडा पडतोच," तनुजा म्हणाली. "उद्या किंवा परवा रेषेखाली जाईल."

"आणि मग?"

"मग पुन्हा पहिल्यापासून."

"पुन्हा कुठलं! या वेळी तडीपारीची नवी यादी तयार आहे. तीन हजार नावं. माझं पहिलं, तुझं दुसरं." साहेब थोडे पुढं वाकले. "तनुजा, तू शास्त्र शिकलेली आहेस. एका झटक्यात वीस-पंचवीसनं आकडा चढायला काय व्हावं लागतं?"

तिनं विचार न करता उत्तर दिलं, वर्गात हात वर करून द्यावं तसं. "मयत. घरातलं मयत झालं की चढतो, आणि दहा-पंधरा दिवस उतरत नाही."

"घरातलं. म्हणजे सगळ्या शहराच्या घरातलं." वकीलसाहेब तिच्याकडं बघत राहिले. "असा एकच माणूस आहे."

कुणाबद्दल बोलतायत हे कळायला तिला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती उठून उभी राहिली.

"साहेब, तुम्ही जावा."

"बस. ऐकून घे. खरं नव्हे, पोरी. छावणीतून निरोप आला म्हणायचं. सरकार नाही म्हणेल, आणि या सरकारवर कोण विश्वास ठेवतंय? चाळीस दिवस भरले की छावणी उघडेल, आणि अंकुश चालत घरी येईल. निरोप चुकीचा होता म्हणू. चूक म्हणजे फसवणूक नव्हे. हे कलम मीच लिहिलंय." त्यांनी आवाज खाली आणला. "दहा दिवस मरू दे त्याला. मग जन्मभर जगू दे."

तनुजानं रात्रभर काय विचार केला, ते सांगण्यात अर्थ नाही. तिला नवरा परत हवा होता. दुसरं काहीही नको होतं, सरकार पडो नाहीतर राहो. वाईट वाटण्यासारखी गोष्ट हीच, की त्या सगळ्या गोतावळ्यात लबाडी नसलेली इच्छा तेवढी एकच होती.

*

एकतिसाव्या दिवशी सकाळी ती गल्लीच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि तिनं हंबरडा फोडला. हंबरडा खरा होता. दोन वर्षांचा साठलेला होता, त्याला फक्त निमित्त मिळालं.

विधवा प्रथा बंद केल्याचा ठराव हिवरपेठेच्या नगरपालिकेच्या भिंतीवर कित्येक वर्षं लावलेला होता. "ठराव राहू दे भिंतीवर," वकीलसाहेबांनी बजावलं होतं, "लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे." समोरच्या फुलाबाई कोष्टी पंचाहत्तर वर्षांच्या. अंकुशच्या हातचं पाणी त्यांनी वीस वर्षं भरलं होतं. त्याच पुढं आल्या, तनुजाचं कुंकू त्यांनी पदरानं पुसलं आणि तिच्या बांगड्या दगडावर फोडल्या. जित्या नवऱ्याचं कुंकू पुसलं जातंय, हे त्या साऱ्या घोळक्यात एकट्या तनुजाला माहीत होतं. तिला वाटलं होतं की त्या क्षणी काहीतरी होईल, आभाळ फाटेल, निदान भोवळ येईल. काहीच झालं नाही. मनगटाला एक काच लागली, तेवढंच.

कढया उतरल्या. गुलालाची पोती माळ्यावर गेली. त्या दिवशी शहरात कुठंच चूल पेटली नाही.

आणि मग सुतक लागलं. सुतकात बाईनं कामाला जायचं नाही; गेली असती तर लोकांनी भुवया उंचावल्या असत्या. बारा वर्षांत पहिल्यांदाच सकाळचे सहा वाजले तेव्हा तनुजा यंत्रापाशी नव्हती. तिच्या जागी बदली तपासनीस बसला, आणि आकडा काय झाला हे तिला फक्त वकीलसाहेब येऊन सांगत. ते रोज भेटायला येत, सतरंजीच्या कडेला बसत, चारचौघांत सांत्वनाचे दोन शब्द बोलत आणि उठता उठता हळूच सांगत : "एकशे त्रेचाळीस. काठावर आहे." दुसऱ्या दिवशी : "एकशे बेचाळीस. धीर धर." लबाडी खरी दिसावी म्हणून ती सुतक पाळत होती, आणि सुतक पाळल्यामुळं तिच्या स्वतःच्या यंत्राची आणि तिची गाठ तुटली होती. हे तिच्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

पस्तिसाव्या दिवशी सरकारनं चौकातल्या मोठ्या पडद्यावर अंकुशला दाखवलं. वाळलेला, डोकं भादरलेला, पण तोच. "मी जिवंत हाय," तो म्हणत होता. "तनू, मी बराय. काळजी करू नगं."

लोकांना संतापाची उकळी फुटली. मेलेल्या पुढाऱ्यांना बोलायला लावणारी, न झालेल्या सभा भरवणारी चित्रं या सरकारनं इतकी दाखवली होती, की लोक पडद्यावर आता पावसाचा अंदाजही खरा मानत नसत. सरकार सात वर्षांत पहिल्यांदा खरं बोललं आणि त्याला एकही साक्षीदार मिळाला नाही. सगळ्यांचे डोळे तनुजाकडं वळले.

"त्यांचा आवाज असा नाही," ती म्हणाली. "बनवलेलं आहे."

पडद्यावरचा अंकुश अजून बोलत होता. चित्र थेट छावणीतून येतंय, आणि तिकडं त्याच्यासमोरही हा चौक दाखवणारा एक पडदा ठेवलाय, हे तिला नंतर कळलं. तिचं वाक्य त्यानं ऐकलं होतं.

*

चाळिसाव्या दिवशी दहावा आला.

नदीच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. अंकुशच्या चुलतभावानं पिंड मांडले आणि सगळे मागं सरकून कावळ्याची वाट बघू लागले. वकीलसाहेबांनी त्याचाही बंदोबस्त केला होता. कावळा लगेच शिवला तर माणसांचा जीव हलका होतो, आणि आज जीव हलका होऊन चालणार नव्हतं. वरच्या अंगाला करंजाच्या झाडांखाली त्यांची चार माणसं उजाडल्यापासून सुतळी बॉम्ब लावत होती. कावळे पार पलीकडच्या तीराला गेले होते. तनुजाला हे ठाऊक होतं.

लोकांना ठाऊक नव्हतं. तासाभरानं एकेक जण पुढं येऊन हात जोडायला लागला.

"अंकुशा, तुझ्या बायकोला आम्ही अंतर देणार न्हाई रं. शिव बाबा."

"तुझी इच्छा आमाला ठावं हाय. कारभारी पाडतो. शिव."

फुलाबाई पिंडासमोर बसकण मारून रडत होत्या. उन्हात उभी असलेली हजारो माणसं एकाच गोष्टीनं कासावीस झाली होती.

साडेनऊच्या सुमारास सरकारची बंद गाडी गर्दी कापत घाटावर आली. दार उघडलं आणि दोन पोलिसांनी अंकुशला खाली उतरवलं. पडदा नको, चित्र नको, हा घ्या अख्खा माणूस, असा कारभाऱ्यांचा शेवटचा डाव होता. एका अधिकाऱ्यानं ओरडून सांगितलं, "हा तुमचा चावीवाला! जिवंत आहे! हात लावून बघा!"

माणसं टाचा उंचावून बघू लागली. अंकुशनं आधी पिंडाकडं बघितलं, मग फुलं घातलेल्या आपल्या फोटोकडं, मग तनुजाच्या मोकळ्या कपाळाकडं. त्याच्या तोंडावर हसू येता येता थांबलं.

"तनू," तो म्हणाला, "काय चाललंय हे?"

"आगं बया," फुलाबाई म्हणाल्या. "तनुजा, नीट बघ गं. उभं ऱ्हाणं तर आमच्या अंकुशावानीच हाय."

वकीलसाहेब तनुजाच्या मागंच उभे होते. ओठ न हलवता बोलायची त्यांना सवय होती. "सकाळचा आकडा एकशे चाळीस पूर्णांक तीन. आजचा दिवस अजून मोजायचाय. तू हो म्हणालीस तर या घाटावर आत्ता दिवाळी होईल, आणि संध्याकाळपर्यंत आपण रेषेखाली. तो आज घरी येईल आणि उद्या परत छावणीत जाईल. तू त्याच्याबरोबर. नाही म्हण. पोलीस त्याला परत नेतील. उद्या छावणी उघडली की तो तुझाच आहे. एका दिवसाचा प्रश्न आहे, पोरी."

तिनं मनात हिशेब केला. बारा वर्षं आकड्यांवर विश्वास ठेवून जगलेली बाई होती ती. पूर्णांक तीन. एवढ्या गर्दीला एकदा आनंद झाला, तर पूर्णांक तीन पुरायचे नाहीत. पोलीस याला घेऊन जातील, लोक शिव्या घालतील, एखादी चप्पल येईल. उद्या ती त्याच्या पाया पडेल. तो रागावेल, आठ दिवस बोलणार नाही. मग बोलेल.

"हे आमचे न्हवंत," तनुजा म्हणाली.

अंकुशनं तिच्याकडं जे बघितलं, त्यात राग नव्हता. त्याला काही कळतच नव्हतं. तो गर्दीकडं वळला आणि घाईघाईनं बोलू लागला. "अहो, मी अंकुश! फुलामावशी, तुमच्या दारातल्या झाकणाला कडी न्हाई, मी खिळा घालून उचलतो. तुमच्या गल्लीचा व्हॉल्व उलटा बसलाय, डावीकडं फिरतो. गवळी बोळात साडेपाचला पाणी, तांबट आळीत सव्वासहाला..."

सगळं खरं होतं. चावीवाल्याशिवाय कुणाला ठाऊक नसणारं होतं. फुलाबाई जमिनीला हात टेकून उठल्या. वीस वर्षं त्याच्या हातचं पाणी प्यायलेली ती म्हातारी आता त्याला ओळखेल, असं तनुजाला वाटलं. तिला तसं व्हावंसं वाटलं, हेही खरं.

"मेल्यांनी हे बी शिकवलंय त्याला!" फुलाबाई किंचाळल्या. "माझ्या अंकुशाला हाल हाल करून समदं काढून घेतलं अन् ह्या तोतयाला शिकवलं!"

पहिला दगड त्यांनीच मारला. त्यांच्या हातात तो जेमतेम मावत होता आणि पायापाशीच पडला. पण त्यानंतरचे दगड तरण्या हातांतले होते. पोलीस गाडीत घुसले आणि गाडी मागं घेऊन पळाले; अंकुशला नेण्याइतका वेळ त्यांच्याकडं नव्हता. तनुजा ओरडली. "सोडा, सोडा त्यांना, हेच ते," असं ती म्हणाली, दोनदा म्हणाली. सगळा घाट ओरडत होता, कुणाला ऐकू जाणार! वकीलसाहेबांनी तिला दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवलं. लांबून बघणाऱ्यांना ते लेकीला सावरणाऱ्या बापासारखे दिसले.

पाच मिनिटंही लागली नाहीत.

*

सरकार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या कागदानं ते पाडलं, एकही बंदूक न चालता, जगभर त्याचं कौतुक झालं. छावणी उघडली. अकरा हजार माणसं घाट उतरून खाली आली. बायका, म्हातारी, जाताना रांगणारी आणि येताना धावणारी पोरं. हे सगळं खरंच झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. निवडणुकीत मारुतराव घोडक्यांच्या समोर कुणी उभंच राहिलं नाही; अर्ज भरायच्या दिवशीच ते बिनविरोध कारभारी झाले.

घाटावरच्या तोतयाला बेवारस म्हणून पुरलं. त्याचा ताबा मागायला तनुजाला तोंड नव्हतं.

सुतक संपल्यावर ती कामावर गेली आणि तिनं पहिल्यांदा मागचे कागद काढले. एकतिसावा दिवस : एकशे अठ्ठावन्न. बत्तिसावा : एकशे एकाहत्तर. तेहेतिसावा : एकशे चौऱ्याहत्तर. तिनं बोट कागदावर ठेवून एकेक ओळ वाचली. बत्तिसाव्यापासून आकडा एकदाही एकशे पासष्टच्या खाली आला नव्हता. दहाव्याच्या सकाळी तो एकशे एकोणऐंशी होता. घाटावर दिवाळी काय, आठ दिवसांची जत्रा भरली असती तरी त्या दिवसाची सरासरी रेषेला टेकली नसती.

ती तशीच उठून कारभाऱ्यांच्या वाड्यावर गेली. नव्या कारभाऱ्यांनी तिला लगेच आत घेतलं, सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि स्वतः पाणी दिलं.

"काठावर नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"मग का?"

त्यांनी सांगितलं, तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. "आधी तू डगमगू नयेस म्हणून. नंतर... तू हो म्हणाली असतीस, तर लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं असतं. मेलेला परत आलेला माणूस! निवडणुकीत कोण उभं राहणार होतं त्याच्यासमोर? भला माणूस होता, तनुजा. पण व्हॉल्व फिरवणं वेगळं आणि प्रांत चालवणं वेगळं. दगडांचं माझ्या मनात नव्हतं. देवाशपथ नव्हतं."

"मी सांगीन सगळ्यांना."

"सांग की. फसवून घडवलेला क्षोभ. कलम तुला पाठ आहे. मोजणी रद्द होईल, सर्जेराव परत येतील आणि अकरा हजार माणसं परत घाट चढतील. आणि फुलाबाईंनाही सांगावं लागेल, त्यांनी कुणाला दगड मारला ते." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी वाईट कारभारी होणार नाही. झालोच तर लोकांचा हक्क आहेच. चाळीस दिवस. कायदा जागचा हललेला नाही."

ती घरी आली. दाराला कडी लावताना सवयीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बाहेर गल्लीत परत आलेल्यांच्या पंगती बसल्या होत्या. माळ्यावरची गुलालाची पोती खाली आली होती. फुलाबाईंचा थोरला मुलगा सहा वर्षांनी घरी आला होता, आणि फुलाबाई तनुजाच्या दारात पुरणपोळीचं ताट ठेवून, दार न वाजवता, डोळे पुसत परत गेल्या.

तनुजाला त्या रात्री झोप लागली नाही. तिच्या अंगातल्या त्या ग्रंथीनं काय करायचं ते केलं असणार. पण एका बाईचं दुःख सहा लाखांच्या सरासरीत दिसत नाही. ते दिसू नये अशीच त्या यंत्राची रचना होती, आणि रचना चांगली होती.

सकाळी सहाला कागद बाहेर आला. अठ्ठ्याऐंशी. यंत्र बसवल्यापासूनचा सर्वांत कमी आकडा. तिनं दोनदा तपासला. आकडा बरोबर होता. तिनं खाली सही केली.